अतिदक्षता हृद्-प्रतिध्वनिलेखन

श्राव्यातीत ध्वनितरंगांच्या साहाय्याने अत्यवस्थ रुग्णाच्या हृदयाची रचना व कार्य खाटेपाशीच तपासण्याची पद्धती. रुग्णालयात तिला ‘इको’ म्हणतात. हृद्‌रोगतज्ञाच्या सविस्तर तपासणीहून ही वेगळी आहे. येथे प्रोब (तरंग सोडणारे व प्रतिध्वनी टिपणारे हातातील साधन) धरणारा व उपचार ठरवणारा डॉक्टर बहुधा एकच असतो, प्रश्न मोजके असतात आणि उपचार बदलला की तपासणी पुन्हा केली जाते.

इतिहास : हृद्-प्रतिध्वनिलेखनाचा आरंभ सामान्यतः १९५३ सालचा मानतात. त्या वर्षी २९ ऑक्टोबरला स्वीडनमधील लुंड येथे हृद्‌रोगतज्ञ इंगे एडलर व भौतिकीविज्ञ कार्ल हेल्मुट हेर्ट्झ यांनी हृदयाच्या हालचालीचा आलेख मिळवला. धातूतील दोष शोधणारे जहाजबांधणी कारखान्यातील उपकरण हेर्ट्झ यांनी त्यापूर्वी स्वतःच्या छातीवर लावून पाहिले होते. काही लेखक अग्रमान जर्मनीतील वोल्फ-डीटर काइडेल यांना देतात. त्यांनी १९५० च्या सुमारास छातीतून आरपार तरंग पाठवून हृदयाच्या आकारमानातील बदल टिपण्याचा प्रयत्न केला होता. मात्र आजची पद्धती परतणाऱ्या प्रतिध्वनीवर उभी आहे, आरपार गेलेल्या तरंगावर नव्हे. त्यामुळे लुंडचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो.

अतिदक्षता विभागातील प्रवेशाला एकच साल देता येत नाही. १९७० पासून तेथे स्वान-गँझ नलिकेचे, म्हणजे हृदयातील दाब व रक्तप्रवाह मोजण्यासाठी फुप्फुस रोहिणीत सोडलेल्या नळीचे, प्राबल्य होते. १९८० च्या दशकात फ्रान्समध्ये फ्रांस्वा झार्दँ व सहकाऱ्यांनी तीव्र श्वसनविकारात उजव्या निलयावर (हृदयातील रक्त बाहेर ढकलणाऱ्या खालच्या कप्प्यावर) येणारा ताण प्रतिध्वनिलेखनाने दाखवला. पुढे, विशेषतः १९९६ नंतर, नलिकेच्या उपयुक्ततेविषयी शंका वाढल्या आणि इकोचा प्रसार झाला.

तपासणी : उरोस्थीच्या डाव्या कडेलगत, हृदयाच्या टोकाशी व बरगड्यांखाली प्रोब ठेवून दृश्ये घेतात. रक्तदाब कोसळलेल्या रुग्णात आधी ठळक कारणे पाहतात : डावा निलय नीट आकुंचन पावतो का, उजवा निलय डाव्याइतका फुगला आहे का, हृदयाभोवती द्रव साचला आहे का. द्रवाच्या मोजमापापेक्षा तो किती वेगाने साचला हे महत्त्वाचे. थोडासा द्रवही झपाट्याने साचल्यास हृदय दाबले जाते. शिथिलीकरणाच्या काळात उजव्या निलयाची भिंत आत दबणे ही त्याची खूण होय.

रक्तप्रवाहाच्या मापनात डावा निलय रिकामा होतो त्या मार्गाचा व्यास व तेथील डॉप्लर आलेख (रक्ताच्या वेगाचा आलेख) लागतो. व्यास २ सेंमी. असल्यास छेदाचे क्षेत्रफळ ३.१४ चौ. सेंमी. येते, त्याला आलेखाखालील अंतराने (एका ठोक्यात रक्त जेवढे पुढे सरकते ते; उदा., २० सेंमी.) गुणले की एका ठोक्यात सु. ६३ मिलि. रक्त बाहेर पडते. व्यासाचा वर्ग होत असल्याने २ ऐवजी १.८ सेंमी. मोजला तर उत्तर १९ टक्क्यांनी घटते. म्हणून एकाच रुग्णात व्यास स्थिर धरून केवळ अंतरातील बदल पाहणे अधिक भरवशाचे.

शिरेतून द्रव द्यावा की नाही, हा सर्वांत वादाचा प्रश्न आहे. अधोमहानीलेचा (शरीराच्या खालच्या भागातील रक्त हृदयाकडे आणणाऱ्या मोठ्या नीलेचा) व्यास २.१ सेंमी.पर्यंत असून ती जोराने श्वास आत घेताना निम्म्याहून अधिक आक्रसत असेल, तर उजव्या अलिंदातील (रक्त स्वीकारणाऱ्या वरच्या कप्प्यातील) दाब कमी मानतात. पण हे निकष स्वतः श्वास घेणाऱ्यांचे आहेत. श्वसनयंत्र हवा आत ढकलते तेव्हा ही नीला आक्रसण्याऐवजी फुगते. शिवाय दाब कमी असला म्हणजे द्रव दिल्याने प्रवाह वाढेलच असे नाही. त्यापेक्षा धड आडवे करून पाय ४५ अंश उचलणे, म्हणजे पायांतील रक्त हृदयाकडे येऊ देणे, व मिनिटभरात डॉप्लर आलेखाखालील अंतर सु. १० ते १५ टक्के वाढते का ते पाहणे श्रेयस्कर : ही चाचणी पाय खाली ठेवताच उलटवता येते, दिलेला द्रव परत घेता येत नाही.

मर्यादा व विशेष प्रसंग : फुगलेली फुप्फुसे, मलमपट्ट्या व छातीतील नळ्या यांमुळे दृश्य अस्पष्ट होते, तेव्हा अन्ननलिकेतून प्रोब घालतात. हृदय बंद पडलेल्या रुग्णात नाडी तपासण्याच्या विरामातच, १० सेकंदांच्या आत, बरगड्यांखालून चित्रफीत टिपतात आणि छातीवरील दाब पुन्हा सुरू झाल्यावरच ती पाहतात.