चूक एकीकडे, कोसळणं दुसरीकडे

कर्नल पॅनिक झाल्यावर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा कोसळल्यावर, पडद्यावर ज्या फंक्शनचं नाव उमटतं, ते पुष्कळदा निर्दोष असतं. एखादा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा कोड) फ्री केलेल्या, म्हणजे वापरून परत सोडलेल्या, मेमरीत पुन्हा लिहितो. तोवर ती जागा दुसऱ्या कुणाला मिळालेली असते आणि कोसळतो तो हा दुसरा, कधी काही मिनिटांनी तर कधी काही तासांनी. अशा बगचा माग काढणाऱ्यांनी गेली तीस वर्षं मुख्यतः एकच काम केलं आहे: हे अंतर कमी करणं.

आधीच्या काळात हाती उरायचा तो क्रॅश डंप, म्हणजे कोसळतानाच्या मेमरीची नक्कल. त्यात शेवटची अवस्था मिळे, तिथवर कसं पोहोचलो ते मिळत नसे.

माझ्या मते खरं वळण १९९४ मध्ये आलं. सन मायक्रोसिस्टिम्सच्या जेफ बॉनविक यांनी सोलारिस २.४ या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी स्लॅब ॲलोकेटर, म्हणजे कर्नलमध्ये मेमरीचे तुकडे वाटणारा कोड, लिहिला. त्याची ख्याती वेगासाठी असली, तरी डीबगिंगची सोय त्याच्या रचनेतच होती. फ्री झालेला तुकडा ‘डेडबीफ’ या हेक्स आकड्याने भरायचा आणि पुन्हा वाटताना तो तसाच आहे का, हे तपासायचं. तुकड्याच्या शेवटी ‘रेडझोन’ नावाची राखीव पट्टी ठेवायची, म्हणजे हद्दीबाहेरचं लिखाण उघडं पडतं. शिवाय तुकडा कुणी घेतला, कुणी सोडला याचा स्टॅक ट्रेसही (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं ती साखळी) जपता येई. लिनक्सने हीच वाट धरली, तिथे भरणा ‘६बी’चा. ऊप्समध्ये, म्हणजे लिनक्स कर्नलच्या चूक-अहवालात, ६बी६बी६बी६बी असा पत्ता दिसला की जाणकाराला पहिला संशय येतो तो फ्रीनंतरच्या वापराचा.

पण भरणा विस्कटलेला कळतो तो नंतर, आणि नुसतं वाचन झालं तर त्याचा मागमूसही राहत नाही. ही उणीव २०१५ मध्ये लिनक्स ४.० मध्ये आलेल्या केसॅन या मेमरी तपासणाऱ्या साधनाने भरून काढली. दर आठ बाइटांमागे एक सावली-बाइट असतो, आणि कंपायलर मेमरीच्या प्रत्येक वापराआधी तो तपासणारा कोड घालतो. चूक होते त्याच ओळीवर अहवाल मिळतो आणि त्यात तिन्ही स्टॅक असतात: वापराचा, वाटपाचा, फ्रीचा. डंप चाळून जे हाती लागत नसे, ते इथे समोर मांडून मिळतं! सिझकॉलरसारखी फझर साधनं (आपोआप वेडेवाकडे इनपुट देऊन चुका शोधणारी) सिस्टिम कॉलचा, म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलकडे करायच्या मागण्यांचा, मारा करू लागली, तेव्हा केसॅनचं मोल आणखी वाढलं.

मात्र केसॅनने कर्नल मंदावतो, मेमरीही बरीच जाते. चालू सर्व्हरवर तो परवडत नाही. म्हणून २०२१ मध्ये, लिनक्स ५.१२ मध्ये, केफेन्स हा हलका तपासनीस आला. तो मोजकीच वाटपं उचलतो आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना हात लावताच फॉल्ट (प्रोसेसरची चूक-सूचना) देणारी मेमरीची पानं ठेवतो. एका यंत्रावर बग सापडण्याची शक्यता थोडी, हजारो यंत्रांवर बरीच.

आर्म प्रोसेसरच्या मेमरी टॅगिंगमध्ये हीच तपासणी हार्डवेअर करतं: दर १६ बाइटांना चार बिटांचा टॅग (खूण), तोच पॉइंटरमध्ये, म्हणजे त्या जागेचा पत्ता धरणाऱ्या आकड्यात; दोन्ही जुळले नाहीत तर चूक. चार बिटांत टॅग १६च मावतात, त्यामुळे जुन्या पॉइंटरचा टॅग योगायोगाने जुळून चूक निसटू शकते.