बायकोच्या नावापुढचा रिकामा रकाना

इंग्लंडमधल्या पूर्वजांचा शोध घेणारा माणूस १८४१ च्या जनगणनेपाशी हमखास अडखळतो. नवऱ्यापुढे ‘शेतमजूर’ किंवा ‘विणकर’ लिहिलेले, बायकोपुढे काहीच नाही. मग ती काही कमवत नव्हती, असे गृहीत धरले जाते. पण बायकोचा धंदा लिहायची गरज नाही, अशी सूचना प्रगणकांना होतीच. घरच्या कामात आईवडिलांना हातभार लावणारी, पण मजुरी न घेणारी मुलेमुलीही त्याच सूचनेत बसत. दिवसभर मागावर बसणारी बाई कागदावर रिकामी दिसू शकते, ती यामुळे.

ब्रिटनमध्ये १८०१ साली शिरगणती सुरू झाली, तेव्हा सरकारला आकडे हवे होते. शेती, व्यापार-उद्योग आणि उरलेले, एवढ्यावर कामाची वर्गवारी संपत असे. देशभर प्रत्येकाचे नाव लिहिले गेले ते १८४१ मध्ये, मात्र नाते विचारले नव्हते. शिवाय पंधरा वर्षांपुढचे वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायचे होते. त्यामुळे एका घरातली चाळिशीची बाई बायको की बहीण, हे त्या पानावरून ठरवू नये.

कुटुंबप्रमुखाशी नाते सांगणारा रकाना १८५१ मध्ये आला आणि नवे गोंधळ घेऊन आला. दहा वर्षांच्या पोरापुढे ‘सन-इन-लॉ’ दिसला तर तो बहुधा सावत्र मुलगा असतो. तेव्हा त्यालाही तसेच म्हणत.

सगळ्यात जास्त फसवते ती ‘सर्व्हंट’ ही नोंद. ती वाचली की आपल्या डोळ्यांसमोर श्रीमंताघरची मोलकरीण येते. प्रत्यक्षात शेतकऱ्याकडे वर्षाच्या कराराने राहणारी, तिथेच जेवणारी अविवाहित तरुण मुलेमुलीही याच नावाने नोंदली जात. लग्न झाले की त्यांतले बरेच जण वेगळे घर करून रोजंदारीवर जात. म्हणून अठराव्या वर्षी ‘सर्व्हंट’ आणि तिसाव्या वर्षी ‘शेतमजूर’ दिसणारा माणूस एकच असू शकतो, त्याची घसरण झाली असे मानायचे कारण नाही. दक्षिण आणि पूर्व इंग्लंडमध्ये ही पद्धत एकोणिसाव्या शतकात ओसरत गेली, उत्तरेत जास्त काळ टिकली.

पुढे १८८१ मध्ये स्वतःच्याच घरचे काम करणाऱ्या बायकांना ‘बिनधंद्याच्या’ वर्गात टाकण्यात आले. बायकांची कामे तीच राहिली, बदलली ती वर्गवारी. अमेरिकेत १८७० च्या सूचनांनुसार स्वतःचे घर चालवणारीला ‘कीपिंग हाउस’ आणि पगारावर ते काम करणारीला ‘हाउसकीपर’ लिहायचे होते. हा फरक लक्षात ठेवला तर बऱ्याच चुका टळतात.

त्याच देशातल्या गुलामांच्या वंशजांची वाट फार कठीण आहे. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या स्वतंत्र याद्यांत मालकाचे नाव आहे. गुलामांचे वय, लिंग, वर्ण आहे. नाव जवळजवळ कुठेच नाही. धंद्याचा रकानाच नव्हता. कोण सुतार होता, कोण स्वयंपाकीण, हे कळले तर मालकाच्या मृत्यूनंतर झालेल्या मालमत्तेच्या यादीत कळते, आणि तिथे त्या माणसाची किंमतही लिहिलेली असते.

इतर दप्तरांतही आईची जागा अशीच कोरी राहिली. इंग्लंडमध्ये १८१३ पासूनच्या छापील बाप्तिस्मा-नोंदवहीत वडिलांचा धंदा असे. १८३७ पासूनच्या विवाहनोंदीत वधू-वर दोघांच्याही वडिलांची नावे आणि धंदे मिळतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये आईचे नाव आणि धंदा त्या नोंदीत येऊ लागला मे २०२१ पासून.