समुद्रात दर दहा दिवसांनी डोकं वर काढणारं यंत्र

रविवारी आमच्या कोथरूडच्या घरी जेवणाच्या टेबलावर पाण्याने काठोकाठ भरलेली प्लास्टिकची बाटली होती आणि तिच्यात औषधाचा ड्रॉपर तरंगत होता. पुतणीने बाटली दाबली की ड्रॉपर तळाशी, सोडली की वर. दाबल्यावर ड्रॉपरमधली हवा आकसते, आत थोडं पाणी शिरतं आणि तो बुडतो. नेमक्या याच तत्त्वावर जगभरच्या समुद्रांत सुमारे ४००० यंत्रं खाली-वर करताहेत, हे सांगितल्यावर ती बाटली दाबायची थांबली.

ही यंत्रं म्हणजे आर्गो तरंगक. अँटेनासकट जवळपास माणसाच्या उंचीचं एक नळकांडं, त्यात पंप आणि तेल. बाहेरच्या पिशवीतलं तेल आत ओढलं की वजन तेवढंच राहतं, पण आकारमान घटतं आणि यंत्र बुडू लागतं. १००० मीटरवर ते नऊएक दिवस प्रवाहाबरोबर वाहतं. मग २००० मीटरपर्यंत उतरतं. तिथला दाब आपल्या हवेच्या दाबाच्या २०० पट! तेल पुन्हा पिशवीत ढकललं की पाच-सहा तासांत वर, वाटेत पाण्याचं तापमान आणि क्षारता मोजत. उपग्रहाला आकडे कळवले की परत बुडी. बॅटरी संपेपर्यंत, म्हणजे चार-पाच वर्षं, हाच क्रम.

पुण्याला समुद्र नाही, पण या आकड्यांशी पुण्याचं जवळचं नातं आहे. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत पुढच्या मोसमाच्या पावसाचं गणित मांडायचं, तर समुद्र आज कसा आहे हे आधी संगणकाला सांगावं लागतं. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही समुद्राची माहिती पुरवणारी सरकारी संस्था आर्गोसारखी निरीक्षणं जुळवून ते चित्र तयार करते. उपग्रहाला समुद्राची फक्त कातडी दिसते, खालची ऊब दिसत नाही. बंगालच्या उपसागरात तर नद्यांचं आणि पावसाचं गोडं पाणी हलकं असल्याने दुधावरच्या सायीसारखं वर पसरतं. चक्रीवादळ घुसळत राहतं, तरी या सायीमुळे खालचं गार पाणी सहजी वर येत नाही आणि वादळाची ऊब टिकून राहते. ही साय किती जाड आहे, हे पाण्यात उतरूनच मोजावं लागतं.

काही ठिकाणी तर उपकरणांनी समुद्राच्या तळाशीच ठाण मांडलंय. कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटापासून निघालेली ‘नेपच्यून’ वेधशाळेची सुमारे ८०० किलोमीटरची केबल २००९ पासून समुद्रतळावरच्या उपकरणांना वीज आणि इंटरनेट पुरवते. अमेरिकेच्या ऑरेगन किनाऱ्यापलीकडे अशाच केबलमुळे २०१५ च्या एप्रिलमध्ये अ‍ॅक्सियल या समुद्राखालच्या ज्वालामुखीचा उद्रेक घडत असतानाच नोंदला गेला. त्याच्या माथ्यावरच्या विवराचा तळ सुमारे २.४ मीटर खचला.

मला सर्वांत भावते ती आर्गोची एक गोष्ट: बहुतेक मोजमापं २४ तासांत सगळ्यांना मोफत खुली होतात. पुण्यातल्या कुठल्याही कॉलेजातली मुलगी वसतिगृहात बसून आज अरबी समुद्रातल्या तरंगकाने काय मोजलं ते उतरवून घेऊ शकते. पुतणीला नकाशावरचे ठिपके दाखवले, तर तिने विचारलं, “काका, २००० च्या खाली काय?” खाली समुद्राचं जवळपास निम्मं पाणी आहे. माणसाने वाढवलेल्या उष्णतेतली ९० टक्क्यांहून जास्त समुद्राने पोटात घेतलीय, आणि त्यातली काही तिथेही मुरतेय. तिथे जायला आता ६००० मीटरपर्यंत उतरणारे तरंगक बनलेत. त्यांतल्या काहींचं कवच नळकांड्याचं नाही, जाड काचेच्या गोळ्याचं आहे. गोलाला दाब चहूबाजूंनी सारखा बसतो, म्हणून काचही टिकते.