पार्श्वभूमी : ‘वीस वॉट वाचतात’ हे आलं कुठून?

बेळगावात रोडबाईक चालवणाऱ्यांचा जुना प्रश्न होता, ‘सायकल किती किलोची?’ आता हेल्मेट घेतलं तरी विचारतात, ‘किती वॉट वाचतात?’, म्हणजे त्याच वेगानं हवा कापायला किती कमी ताकद लागते. रिम असो, जर्सी असो, मोजे असोत, सगळ्यांचा भाव वॉटमध्ये. हा भाव कुठल्या बाजारात ठरला आणि हिंडलगा-शिनोळी रस्त्यावर तो कितपत चालतो, हे कळायला थोडं मागं जावं लागतं.

हवेला फसवायची खटपट फार जुनी आहे. सायकलभोवती लावायच्या आवरणांवर १९१४ सालीच बंदी आली. १९३३ मध्ये एका फ्रेंच सायकलपटूनं पाठीवर रेलून चालवायच्या सायकलवर तासाभरात ४५.०५५ किलोमीटर काटले आणि १९ वर्षं टिकलेला तासाचा विक्रम मोडला. लगेच १ एप्रिल १९३४ पासून रेलून चालवायची सायकल शर्यतीतून बाद झाली. १९७२ चा ४९.४३१ किलोमीटरचा विक्रम मेक्सिको सिटीतला. ते शहर समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरहून उंच, त्यामुळं हवा विरळ. १९८४ मध्ये तिथंच एका इटालियनानं भरीव चकतीची चाकं वापरून आकडा ५१.१५१ वर नेला. आपल्याकडं तेव्हा हवेवरचा उपाय एकच होता, उसाच्या ट्रॉलीला मागून धरायचं.

हौशी माणसाच्या दृष्टीनं इतिहास खरा सुरू होतो तो २३ जुलै १९८९ ला. फ्रान्सच्या मोठ्या शर्यतीचा शेवटचा दिवस, व्हर्साय ते पॅरिस २४.५ किलोमीटर, घड्याळाविरुद्ध. अमेरिकन स्पर्धक ५० सेकंदांनी मागं होता. त्यानं हँडलवर पुढं आलेल्या दोन नळ्या बसवल्या होत्या. कोपर टेकवायचं, हात जवळ घ्यायचे, डोकं खाली. ही नळ्यांची कल्पना बाजारात आणली ती एका स्कीइंग प्रशिक्षकानं, आणि आधी उचलली ट्रायथलॉनवाल्यांनी. पुढं असलेल्या फ्रेंच स्पर्धकाकडं दोन्ही चाकं चकतीची होती, पण हँडलला तशा नळ्या नाहीत, डोकं उघडं आणि मागं केसांची शेपटी. तीन हजारांहून जास्त किलोमीटरची ती शर्यत अमेरिकनानं ८ सेकंदांनी जिंकली. त्या दिवसातलं सगळ्यात महाग हवाविरोधी सामान हरलेल्याकडं होतं, हे माझ्या मते पुरेसं सांगितलं जात नाही.

पुढची सात वर्षं म्हणजे बसण्याच्या पद्धतींचा सुकाळ. वॉशिंग मशीनचं बेअरिंग घालून स्वतःची सायकल बनवणाऱ्या एका स्कॉटिश गड्यानं हात छातीखाली दुमडून १९९३ मध्ये ५१.५९६ किलोमीटरचा विक्रम केला. १९९४ मध्ये ती बैठक बंद. मग त्यानंच हात सरळ पुढं ताणायची बैठक काढली. त्याच बैठकीत दुसऱ्या एका ब्रिटिशानं १९९६ मध्ये तासात ५६.३७५ किलोमीटर काटले, आणि तीही बंद झाली. २००० मध्ये सायकलिंगच्या जागतिक संघटनेनं तासाचा विक्रम थेट १९७२ वर नेऊन ठेवला. यापुढं सायकल त्या काळासारखीच हवी, असा तेव्हाचा दंडक. त्याच ब्रिटिशानं त्याच मँचेस्टरच्या ट्रॅकवर तशा सायकलवर ४९.४४१ काटले. चार वर्षांत वय वाढलं होतं हे खरं, पण जवळजवळ सात किलोमीटरची तफावत केवळ वयाची नव्हे.

संघटनेची बाजू अशी, की शर्यत माणसांची राहावी, यंत्रांची होऊ नये. बाजू ऐकायला रास्त आहे. पण बंदी आलेल्या गोष्टी एका ओळीत ठेवून बघा: छातीखाली हात, ताणलेले हात, आणि एप्रिल २०२१ पासून उतारावर मधल्या दांडीवर बसणं आणि हँडलवर कोपरापुढचे हात टेकवणं. बहुतेक सगळ्या बिनपैशाच्या. चकतीचं चाक आणि खोल रिम (म्हणजे आऱ्यांच्या बाजूला जास्त रुंद असलेली) मात्र चालू राहिले. फुकट ते बंद आणि विकत ते चालू म्हटल्यावर दुकानात काय दिसणार? (हँडलवर हात टेकवणं आपल्या रस्त्यांवर करू नयेच. खड्डा आला की ब्रेकपर्यंत बोट पोचत नाही.)

आता त्या वॉटकडं. सगळा घोळ याच शब्दात आहे. पवनबोगद्यात, म्हणजे वारा सोडून अडथळा मोजायच्या बंदिस्त जागेत, चाचणी घ्यायची ती ताशी ३० मैलांनी, म्हणजे ४८ किलोमीटरनं, अशी रीत पडली, कारण ग्राहक शर्यतीतले होते. आधी निकाल ग्रॅममध्ये येई. हवेचा अडथळा १०० ग्रॅमनं कमी झाला तर त्या वेगाला सुमारे १३ वॉट. ग्रॅम जाऊन वॉट आले, वेग मात्र ४५ ते ५० च्या घरातच राहिला, तोही जाहिरातीत खाली बारीक अक्षरांत. हवेसाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनानं बदलते. ४५ ला वाचलेले २० वॉट ३० च्या वेगाला ६ वॉटसुद्धा नाहीत. शिवाय बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर. २७ अंशांना इथली हवा घनमीटरला १.०८ किलोच्या आसपास भरते, प्रमाण मानलेली हवा १.२२५ ची. म्हणजे सहातलेही आणखी काही गेले, उरले पाच.

यावर विक्रेत्याचं उत्तर तयार असतं: वॉट सोडा, वेळ बघा, हळू चालवणाऱ्याची मिनिटं जास्त वाचतात. आणि हेही खोटं नाही. अडथळा ५ टक्क्यांनी कमी केला तर ४० किलोमीटरमध्ये ४५ वाल्याची ५० सेकंद वाचतात, ३० वाल्याची ७० च्या आसपास, कारण तो रस्त्यावरच जास्त वेळ असतो. एकच वस्तू वॉटमध्ये मोजली तर कुचकामी, सेकंदांत मोजली तर सोन्याची. म्हणून मी टक्के विचारतो, अंगासकट एकूण अडथळ्याचे. ते विचारलं की समजतं, की तीन चतुर्थांशांहून जास्त अडथळा माणसाच्या अंगाचा असतो, सायकलचा नव्हे.

इथल्याच हवेत हिशेब घाला. ब्रेकच्या मुठींवर हात ताठ ठेवून बसलं तर ३० च्या वेगाला हवेसाठी १२५ वॉट लागतात असं धरू. ड्रॉपवर, म्हणजे हँडलच्या खाली वळलेल्या भागावर, हात नेऊन कोपर वाकवलं की हे १०० पर्यंत उतरू शकतं. पंचवीस वॉट, खर्च शून्य, कंबर मात्र कुरकुरते. त्यानंतर फडफडणारी जर्सी काढून अंगाला बसणारी घालणं. रिमचा नंबर फार नंतर.

रिमचं आणखी एक. खोल रिमची करामत साधारण १५ अंशांपर्यंतच्या तिरक्या वाऱ्यात दिसते. पावसाळ्यात जांबोटीकडं जाताना ताशी १५ किलोमीटरचा आडवा वारा लागला, तर ४५ वाल्याला तो त्याच्या वेगामुळं समोरून लागणाऱ्या वाऱ्यात मिसळून १८ अंशांनी लागतो आणि आपल्यासारख्या ३० वाल्याला जवळजवळ २७ अंशांनी. तिथं रिम फायदा द्यायचं सोडून हँडल हलवायला लागते. मी ५० मिलिमीटर खोल रिमची जोडी घेतली होती. चोर्ल्याच्या उतारावर दोनदा जीव मुठीत आला, मग पुढचं चाक जुनंच चढवलं. टायरचा नियमही पाळला नव्हता. रिमची बाहेरची रुंदी टायरच्या १०५ टक्के हवी, असं हा विषय जाणणारे २००० नंतरच्या दशकापासून सांगत आलेत. आपल्या रस्त्यांना २८ किंवा ३० मिलिमीटर रुंदीचा टायर लागतो, आणि जुन्या अरुंद रिमवर तो फुगून बाहेर येतो.

अलीकडं नियम मोज्यांपर्यंत आले. मोजा घोटा आणि गुडघा यांच्या मध्यापलीकडं जाता कामा नये, आणि ते तपासायला मोजपट्टीही निघाली. हँडलचं तसंच. २०२३ पासून रुंदी किमान ३५० मिलिमीटर, आणि २०२६ साठी रस्त्यावरच्या शर्यतीत बाहेरून बाहेर किमान ४०० ची मर्यादा जाहीर झाली, त्यावर लहान चणीच्या महिला स्पर्धकांकडून ओरड झाली. ब्रेव्हेटला, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब अंतर पुरं करायच्या बिनशर्यतीच्या फेरीला, निघालेल्याला शर्यतीचे हे नियम लागू नाहीत. २०० किलोमीटरला साडेतेरा तास असतात आणि मोजे कुणी मोजत नाही. तरी तयार सायकलवर हँडल बहुतेकदा ४२ किंवा ४४ सेंटिमीटरचंच येतं. खांदे अरुंद असतील तर ३८ चं ॲल्युमिनियमचं हँडल रिमच्या किमतीच्या तुलनेत किरकोळ पैशांत बसतं. बसवताना केबल आणि हँडलला गुंडाळायची पट्टी दोन्ही नव्या घाला.