मायस्थेनिया ग्रेव्हिस : विश्रांती घेताच पुसला जाणारा पुरावा

सकाळी केस विंचरताना सहज वर जाणारा हात संध्याकाळी खांद्यापर्यंतही पोहोचत नाही. जेवणाचे पहिले चार घास व्यवस्थित चावले जातात, पण ताट संपेपर्यंत जबड्याला तळहाताचा टेकू द्यावा लागतो. मायस्थेनिया ग्रेव्हिस या आजाराची ओळख अशीच, श्रमासोबत वाढणाऱ्या आणि विसाव्याने ओसरणाऱ्या अशक्तपणातून होते. नेमक्या याच गुणामुळे तो वैद्यकाला फार काळ हुलकावणी देत राहिला. तासभर बाहेर शांत बसून तपासणीच्या खोलीत आलेल्या रुग्णाच्या उतरलेल्या पापण्या पुन्हा वर गेलेल्या असतात, आणि दाखवण्यासारखे काही उरलेले नसते.

इंग्रज वैद्य थॉमस विलिस यांनी 1672 मध्ये आपल्या लॅटिन ग्रंथात एका स्त्रीची हकिकत नोंदवली आहे. ती बराच वेळ किंवा घाईने बोलली की तिची वाचाच जात असे आणि तासा-दोन तासांनी परत येत असे. विलिस यांनी दोषाचा काही भाग रक्ताकडे लावला होता. त्यांची कारणमीमांसा आज टिकणारी नसली, तरी संशयाची दिशा अगदीच चुकलेली नव्हती, हे पुढे दिसेल. त्यानंतर सुमारे दोन शतके या आजाराकडे स्वतंत्रपणे कोणी फारसे पाहिले नाही. जर्मनीत विल्हेल्म एर्ब यांनी 1879 च्या सुमारास आणि वॉर्सात सॅम्युएल गोल्डफ्लाम यांनी 1893 मध्ये रुग्णांची तपशीलवार वर्णने प्रसिद्ध केली, तर 1895 मध्ये बर्लिनच्या फ्रीडरिश योली यांनी आजाराला आज रूढ असलेले नाव दिले. त्यांचे अधिक मोठे काम म्हणजे एक साधी चाचणी. मज्जातंतूला विजेचे सौम्य धक्के पुन्हा पुन्हा दिले की स्नायूचे आकुंचन क्रमाने मंदावते आणि थोड्या विश्रांतीनंतर पूर्ववत होते, हे त्यांनी दाखवले. रुग्णाच्या तक्रारीला त्याच्या इच्छाशक्तीवर अवलंबून नसलेला पुरावा मिळाला. तरीही मेंदूत वा मज्जारज्जूत डोळ्यांना दिसेल असा बिघाड सापडत नसल्याने 'हे मनाचे दुखणे आहे' हा शिक्का अनेकांच्या कपाळी बसत राहिला. तो आजही पुरता पुसला गेलेला नाही.

उपचाराची वाट एका विषाच्या अभ्यासातून निघाली. लंडनच्या ग्रीनिच भागातील सेंट अल्फेज रुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. मेरी वॉकर यांच्या लक्षात आले की या रुग्णांची अवस्था क्युरारे या, बाणांना लावल्या जाणाऱ्या विषाच्या बाधेसारखी दिसते. मग क्युरारेवर उतारा म्हणून ज्ञात असलेले फायसोस्टिग्मिन येथेही का चालू नये? 1934 मध्ये त्यांनी एका रुग्ण स्त्रीला ते टोचले. अर्ध्या ते एका तासात तिची पापणी वर गेली, हातांत जोर आला, गिळणे सुधारले. काही तासांनी परिणाम ओसरला आणि पापणी पुन्हा खाली आली. हा अनुभव त्यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकाला पत्र लिहून कळवला. पुढच्याच वर्षी त्यांनी निओस्टिग्मिनचा उपयोग दाखवला आणि 1950 च्या दशकात त्याच कुळातले, आज बहुतेक रुग्णांच्या खिशात असणारे पायरिडोस्टिग्मिन आले.

औषध हाती आले, पण कारण अजून कळलेले नव्हते. मज्जातंतूच्या टोकाशी स्रवणारे असिटिलकोलीन हे निरोप नेणारे रसायन स्नायूवरील ग्राहींना, म्हणजे तो निरोप टिपणाऱ्या प्रथिनांना, चिकटते तेव्हाच स्नायू आकुंचन पावतो, आणि ही औषधे असिटिलकोलीनचे विघटन लांबवतात, एवढे उमगले होते. ग्लासगोचे जॉन सिम्पसन यांनी 1960 मध्ये असा तर्क मांडला की शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच या ग्राहींविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडी), म्हणजे एरवी रोगजंतूंवर चाल करणारी प्रथिने, तयार करत असावी. पुरावा मात्र 1973 मध्ये अनपेक्षितपणे मिळाला. अमेरिकेतील साल्क इन्स्टिट्यूटमध्ये जिम पॅट्रिक आणि जॉन लिंडस्ट्रॉम यांनी वीजमाशातून वेगळे काढलेले ग्राही सशांना टोचले. त्यांना हवी होती प्रयोगासाठी प्रतिपिंडे. पण ससे लुळे पडले आणि निओस्टिग्मिन देताच तात्पुरते सावरले. त्याच वर्षी मण्यार जातीतील एका सापाच्या, ग्राहींना घट्ट चिकटणाऱ्या विषाचा वापर करून रुग्णांच्या स्नायूंवरील ग्राही कमी झालेले असल्याचे दाखवण्यात आले. 1976 पर्यंत बहुसंख्य रुग्णांच्या रक्तात ही प्रतिपिंडे मोजता येऊ लागली. ज्यांच्यात ती सापडत नव्हती अशांपैकी काहींमध्ये 2001 साली मस्क या दुसऱ्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे आढळली.

छातीतील थायमस या, रोगप्रतिकारक पेशी घडवणाऱ्या ग्रंथीची कथा समांतर चालली. या आजारात त्या ग्रंथीची गाठ आढळते हे कार्ल वायगर्ट यांनी 1901 मध्ये नोंदवले होते, आणि 1936 मध्ये आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी अशी गाठ काढल्यावर रुग्ण सुधारला. गाठ नसतानाही ग्रंथी काढावी काय, हा वाद मात्र पुढे कित्येक दशके चालला. त्याचे पद्धतशीर उत्तर 2016 मध्ये, 126 रुग्णांच्या तुलनात्मक चाचणीतून आले: शस्त्रक्रिया झालेल्या गटात लक्षणे कमी राहिली आणि स्टिरॉइडची गरजही घटली. इतक्या उशिरा यावे असे हे उत्तर नव्हते.

हा सारा इतिहास रुग्णाच्या दिनक्रमात उतरलेला असतो. वॉकर यांनी पाहिलेला तो काही तासांचा अवधी आजही गोळ्यांचे वेळापत्रक ठरवतो. गिळण्याचा त्रास असलेले अनेक जण जेवणाआधी अर्धा ते पाऊण तास गोळी घेतात. प्रतिपिंडांना आवर घालण्यासाठी स्टिरॉइड, अ‍ॅझाथायोप्रिन आणि अलीकडची थेट प्रतिपिंडांचे प्रमाण घटवणारी औषधे वापरली जातात. श्वसनाचे स्नायू थकून संकट ओढवले, तर रक्तद्रव बदलणे किंवा इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून मिळवलेली प्रतिपिंडे) देणे हा मार्ग असतो. जेंटामायसिनसारखी काही प्रतिजैविके, शिरेतून दिले जाणारे मॅग्नेशियम आणि रक्तदाब व हृदयविकारावरची काही बीटा-ब्लॉकर औषधे अशक्तपणा एकाएकी वाढवू शकतात, म्हणून दाताच्या उपचारालाही जाताना टाळायच्या औषधांची यादी जवळ ठेवावी लागते. आणि सकाळच्या भेटीला डॉक्टरांकडे जाताना अनेक रुग्ण आदल्या संध्याकाळी काढलेले, पापणी अर्धी उतरलेल्या स्वतःच्या चेहऱ्याचे छायाचित्र फोनमध्ये सोबत नेतात.