मॉड्यूल लोड झालं म्हणजे साउंड कार्ड मिळालं असं नव्हे

लिनक्सवर आवाज येत नाही म्हणून कुणी विचारलं की सोबत ‘एलएसमॉड’ या कमांडचं आउटपुट हमखास येतं. ‘बघा, एसएनडी_एचडीए_इंटेल हे साउंड चिपचं मॉड्यूल दिसतंय, म्हणजे ड्रायव्हर ठीक आहे.’ पुढचा अर्धा दिवस मग ड्रायव्हरच्या वरच्या थरातले आवाज हाताळणारे प्रोग्राम बदलण्यात, म्हणजे पल्सऑडिओ काढून पाइपवायर टाकण्यात आणि ते काढून पुन्हा पल्सऑडिओ टाकण्यात जातो. दोष मात्र त्याच्या कितीतरी खाली असतो.

‘एलएसमॉड’ काय दाखवतं हे तुम्हाला माहीत आहेच, म्हणून थोडक्यात: ड्रायव्हरचा कोणता कोड (म्हणजेच मॉड्यूल) कर्नलच्या, लिनक्सच्या गाभ्याच्या, मेमरीत आला, एवढंच. त्या कोडनं तुमची चिप ताब्यात घेतली की नाही, हे ते सांगत नाही. शिक्षक शाळेत रुजू झाला, पण त्याला वर्ग मिळाला का, हा प्रश्न वेगळाच. मॉड्यूल लोड करणाऱ्या ‘मॉडप्रोब’ कमांडचंही तसंच. ते काही न बोलता परत आलं की लोक खूश होतात. मॉड्यूल आधीच लोड असेल तरी ते असंच गप्प परत येतं, आणि ड्रायव्हरनं चिप नाकारली तरीही.

खरी गल्लत ‘एलएसपीसीआय -के’मध्ये होते; ही कमांड प्रत्येक चिपपुढे तिचा ड्रायव्हर दाखवते. तिथे ऑडिओ डिव्हाइसखाली दोन ओळी येतात: ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ आणि ‘कर्नल मॉड्यूल्स’. दुसरी ओळ ही फक्त उमेदवारांची यादी. ही चिप कोणकोणती मॉड्यूल्स चालवू शकतील, ते तिथे लिहिलेलं असतं, मग ती लोड झालेली असोत वा नसोत. चिप प्रत्यक्षात कुणाकडे आहे ते पहिली ओळ सांगते. ती ओळच नसेल, तर चिप बेवारस आहे. लोक दुसरी ओळ वाचतात आणि निर्धास्त होतात.

भाचीच्या लॅपटॉपवर नेमकं हेच पाहिलं. एसएनडी_एचडीए_इंटेल लोड होतं. कर्नलची नोंदवही दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’मध्ये मात्र त्याच मॉड्यूलची ओळ होती: डिजिटल माइक सापडले, एसओएफ ड्रायव्हर वापरत आहे. म्हणजे मॉड्यूल आलं, त्यानं चिप पाहिली, दुसऱ्यासाठी सोडून दिली आणि स्वतः ‘एलएसमॉड’च्या यादीत बसून राहिलं. एसओएफ म्हणजे साउंड ओपन फर्मवेअर. अलीकडच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपमध्ये ऑडिओचा डीएसपी, म्हणजे आवाजावर प्रक्रिया करणारा वेगळा प्रोसेसर, त्यावर चालतो. पुढच्याच ओळीत फर्मवेअर लोड करताना एरर -२ होती. -२ म्हणजे फाइल सापडली नाही, बाकी काही नाही.

इथे आणखी एक खाच आहे. एसओएफ फर्मवेअर लोड करण्याचं काम बहुधा मागाहून, वेगळ्या रांगेत करतं. त्यामुळे ‘ड्रायव्हर इन यूज’ ही ओळसुद्धा व्यवस्थित दिसते आणि कार्ड मात्र नसतं! म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: ‘/प्रॉक/एसाउंड/कार्ड्स’ ही फाइल काय म्हणते? तिथे ‘नो साउंडकार्ड्स’ असेल तर पाइपवायरला हात लावू नका. कार्डाचं नाव असेल तर दोष वरच्या थरात शोधा: म्यूट, चुकीचं आउटपुट, नाहीतर आवाज एचडीएमआयकडे जातोय. त्याला पाच मिनिटं पुरतात. नाव फक्त एचडीएमआयचं असेल, तर तो ग्राफिक्स कार्डाचा ऑडिओ आहे, लॅपटॉपच्या स्पीकरचा नव्हे. एसएनडी_एचडीए_इंटेल तोही चालवतं, त्यामुळे ‘एलएसमॉड’ पुन्हा फसवतं.

साउंड कार्डांची यादी देणारी ‘एप्ले -एल’ ही कमांड मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. साउंड डिव्हाइस उघडायची परवानगी नसली तरी ती ‘कार्ड नाही’ असंच सांगते आणि धडधाकट ड्रायव्हरवर आळ येतो.

आणि एक विनंती. ‘डीएसपी_ड्रायव्हर=१’ ही मॉड्यूलच्या सेटिंगची ओळ सगळीकडे औषधासारखी वाटली जाते. तिनं जुना एचडीए ड्रायव्हर सक्तीनं बसतो, स्पीकर वाजतो. पण डिजिटल माइक डीएसपीला जोडलेले असल्यामुळे ते बंद पडतात. मुलांचे ऑनलाइन वर्ग असलेल्या घरात हा तोडगा देऊ नका. फर्मवेअरचं पॅकेज टाका: आर्चवर ‘सोफ-फर्मवेअर’, डेबियनवर ‘फर्मवेअर-सोफ-साइन्ड’. डेबियन १२ पासून ते ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ विभागात आहे. तो विभाग पॅकेजच्या सोर्सेसच्या यादीत आहे ना, ते आधी पाहा. मग रीबूट करून कार्ड्सची फाइल पुन्हा उघडा. भाचीच्या लॅपटॉपवर तेवढ्यानंच स्पीकर आणि माइक दोन्ही आले.