टॅगवाला ब्लूफिन नेमका कुठला? ४५ अंशांच्या रेषेची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या केप कॉडला किंवा कॅनडाच्या नोव्हा स्कोशियाला कुणाच्या गळाला टॅग (ओळखनंबराची खूण) लावलेला ब्लूफिन टुना, म्हणजे अटलांटिकमधला एक मोठा मासा, लागला की सगळ्यात आधी विचारलं जातं, हा इकडचा, अमेरिकेच्या बाजूचा, की भूमध्य समुद्रातला? टॅगवरचा नंबर कळवला की तो कुठे, कधी मारला होता ते समजतं. पण टॅग मारला ती जागा म्हणजे माशाचं जन्मगाव नव्हे, आणि ही एवढीशी गोष्ट नीट धरली नाही म्हणून १९८१ नंतर चाळीस वर्षं वाद झाला.

टॅग यायच्या आधी गळच टॅगचं काम करायचा. १९२० च्या दशकात एका इटालियन अभ्यासकाने भूमध्य समुद्रातल्या टुनाच्या सापळ्यांत सापडलेल्या माशांच्या अंगात रुतलेले गळ गोळा केले, कारण गळाची घडण गावागावाची वेगळी असते, आणि काही गळ त्या समुद्राबाहेर वापरात असलेले निघाले. म्हणजे मासा बाहेरून आत येतो हे तेव्हाच दिसलं होतं.

खरं काम सुरू झालं १९५४ ला, अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, आणि ते मुख्यतः हौशी लोकांच्या जिवावर. टॅग म्हणजे नूडलसारखी बारीक प्लास्टिकची नळी, एका टोकाला काटा, अंगावर नंबर आणि पत्ता. मासा बोटीच्या कडेला आला की लांब काठीने तो पाठीवरच्या पराखाली मांसात रोवायचा, दोरी कापायची, आणि मग ओल्या हातांनी कार्डावर तारीख, जागा, अंदाजे लांबी-वजन लिहून ते पोस्टात टाकायचं. स्वतः पकडलेला मासा सोडून द्यायचा आणि वर हे सगळं फुकट करायचं, या लोकांचं श्रेय कुठल्याच अहवालात पुरेसं येत नाही. त्याच वर्षी त्याच किनाऱ्यालगतच्या मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ टॅग केलेले दोन मासे १९५९ मध्ये थेट बिस्केच्या उपसागरात, म्हणजे अटलांटिकच्या पलीकडे सापडले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बहामाजवळ टॅग मारलेले अजस्र मासे काही महिन्यांत नॉर्वेच्या किनाऱ्यावर निघाले. सगळा अटलांटिक ओलांडून!

एवढं माहीत असूनही १९८१ मध्ये टुनाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने नकाशावर ४५ अंश पश्चिम रेखांशाची रेषा ओढली. रेषेच्या पश्चिमेला पकडला तो पश्चिमेचा साठा (म्हणजे माशांचा वेगळा गट), पूर्वेला पकडला तो पूर्वेचा, आणि दोन्हींचा हिशोब वेगळा. कारणं अगदीच चुकीची नव्हती. एक साठा मेक्सिकोच्या आखातात अंडी घालतो, दुसरा भूमध्य समुद्रात, मधल्या समुद्रात तेव्हा फारशी मासेमारी नव्हती आणि पलीकडे सापडलेल्या टॅगांची टक्केवारी कमी होती. पण ही टक्केवारीच फसवी आहे हो. टॅग सापडला म्हणजे मासा पकडला गेला, पकडणाऱ्याला टॅग दिसला, आणि त्याने तो कळवला, या तिन्ही गोष्टी झाल्या. जिथे कळवायची सवयच नाही तिथून शून्य टॅग आले म्हणजे तिथे शून्य मासे गेले असं होत नाही ना.

परिणाम लगेच जाणवले. पश्चिमेला १९८२ साठी ११६० टनांची मर्यादा आली, पुढच्या वर्षी ती २६६० टन झाली, आखातात मुद्दाम ब्लूफिन पकडायला जाणंच बंद. पूर्वेकडे एकूण पकडीचा आकडा ठरायला १९९८ उजाडलं, आणि त्याआधी नव्वदीच्या मध्यात तिकडची वर्षाची पकड ५०,००० टनांच्या घरात गेली होती. इकडे किनाऱ्यावरच्या माणसाने मोजून मासे पकडायचे आणि तोच मासा पुढच्या वर्षी रेषा ओलांडून गेला की तिकडच्या जाळ्यात, हे ज्यांना सोसावं लागलं त्यांचा राग समजण्यासारखा आहे.

भांडण मग एका शब्दावर येऊन अडकलं, तो म्हणजे मिक्सिंग, दोन्ही साठ्यांची सरमिसळ. मासेमार मिक्सिंग म्हणायचे तेव्हा त्यांच्या मनात खायला एकाच पाण्यात येणारे मासे असायचे. रेषेचं समर्थन करणारे लोक त्याच शब्दाने अंडी घालताना होणारी सरमिसळ समजायचे आणि ती होत नाही म्हणून रेषा बरोबर असं सांगायचे. दोघंही आपापल्या जागी बरोबर, पण कोटा तर खाण्याच्या पाण्यात पकडलेल्या माशांवर लागतो, त्यामुळे माझ्या मते मासेमारांचाच अर्थ कामाचा होता. १९९४ च्या अमेरिकेतल्या एका शास्त्रीय फेरतपासणीनेही मिक्सिंग हिशोबात धरा असंच सांगितलं. काहींनी मात्र हा मुद्दा निव्वळ कोटा वाढवून घ्यायला वापरला, तेही खरं.

१९९६ पासून नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर इलेक्ट्रॉनिक टॅग लागले, त्यात रोजची खोली, पाण्याचं तापमान, उजेड सगळं साठतं आणि उजेडावरून मासा कुठे होता ते काढता येतं. २००५ मध्ये ७७२ टॅगांचा हिशोब मांडला गेला तेव्हा दिसलं की अमेरिकेच्या किनाऱ्यावर टॅग केलेल्यांपैकी काही मासे अंडी घालायला आखातात जातात, काही भूमध्य समुद्रात, पण एकच मासा दोन्हीकडे गेलेला नाही.

जन्मगावाचं उत्तर शेवटी माशाच्या कानात मिळालं. घोळीच्या किंवा ढोम्याच्या डोक्यात पांढरा खडा सापडतो तो आपल्याकडे मासे साफ करणाऱ्या कुणालाही माहीत आहे, हा कानातला खडा टुनालाही असतो, फक्त बराच लहान. त्यावर झाडाच्या खोडासारखे थर चढतात आणि मधला भाग पहिल्या वर्षीचा. भूमध्य समुद्रात बाष्पीभवन जास्त म्हणून तिथल्या पाण्यात जड ऑक्सिजनचं (ऑक्सिजनच्या जास्त वजनाच्या अणूंचं) प्रमाण जास्त, ते त्या खड्यात उतरतं. २००८ मध्ये निकाल आला की अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या लहान ब्लूफिनपैकी निम्म्याहून जास्त भूमध्य समुद्रात जन्मलेले होते.

२०२२ मध्ये आयोगाने दोन्ही बाजूंचा कोटा मिक्सिंग धरून ठरवायची पद्धत स्वीकारली. २०२३ साठी पश्चिमेला २७२६ टन, पूर्वेला ४०,५७० टन. रेषा मात्र आहे तिथेच आहे.

दरम्यान २०१३ मध्ये गल्फ स्ट्रीम हा उष्ण सागरी प्रवाह आणि अमेरिकेचा खंडमंच (किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ) यांच्या मधल्या पट्ट्यात, ज्याला स्लोप सी म्हणतात, ब्लूफिनच्या अळ्या, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं, सापडल्या, म्हणजे अंडी घालायची तिसरी जागा. नंतरच्या जनुकीय अभ्यासात तिथल्या अळ्यांत दोन्हीकडचा वंश दिसला. म्हणजे मिक्सिंगचा तो दुसरा अर्थ, जो होतच नाही म्हणत होते, तोही होतोय. आणि हा पट्टा १९५४ चे ते दोन टॅग मारले त्या मार्थाज व्हिनयार्डपासून दक्षिणेला, फार लांब नाही.